एकटा सोडलेला थाळ

ऑपरेशन होऊन घरी आल्यापासून दुरैयाचा सगळा दिवस एका चमच्यात मावत होता. खिडकीशी खुर्ची, खुर्चीच्या रुंद हातावर स्टीलची वाटी, वाटीत कोमट पाणी. एक चमचा पाणी तोंडात घ्यायचं, जरा धरायचं, गिळायचं आणि आत काय होतंय याची वाट बघायची. बहुतेक वेळा पाणी राहत असे. कधी मात्र छातीच्या हाडामागे काहीतरी घट्ट आवळलं जाई, तोंडात लाळ सुटे आणि ती बेसिनकडे धावे. उलटीत अन्न नसेच. पांढरा, चिकट फेस पडे, साबणाचा असावा तसा.

खाली झांपाबाजार नेहमीसारखा चालू होता. हिवाळ्याचे दिवस होते, म्हणजे सुरतेत जेवढा हिवाळा असतो तेवढा. समोरच्या बेकरीतून नानकटाईचा वास वर येई, आणि भट्टी पेटली की तिची धाकटी जाऊ अरवा आठवणीने खिडकी लावून घेई. लग्न होऊन या घरात आल्यापासून दुरैयाला तो वास आवडत आला होता. आता तो नुसता आठवला तरी घशाशी येई.

ती नानपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. रक्त काढायचं, काचेवर पसरायचं, रंगवायचं, भिंगाखाली बघायचं. दिसलं ते सांगायचं, दिसलं नाही ते सांगायचं नाही. ऑपरेशनचा निर्णयही तिने असाच थंड डोक्याने घेतला होता. गुडघे गेले होते, साखर वाढली होती, पण खरं कारण झोपेत थांबणारा श्वास. नवरा खुजेमा तिच्या उशाशी जागा राही, श्वास थांबला की तिला हलवी, आणि दिवसा आपल्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर डोकं टेकून पेंगे. डॉक्टर वशींनी कागदावर पोटाचं चित्र काढून त्यावर उभी रेघ मारली होती. रेघेपलीकडचा मोठा भाग काढून टाकायचा, उरेल ती केळ्याएवढी नळी.

"भूक बरीचशी या भागातच तयार होते," ते म्हणाले होते. "हा गेला की तीही गेली समजा."

"कुठे गेली?" खुजेमाने विचारलं होतं, आणि डॉक्टर हसले होते.

भूक गेली होती यात शंका नव्हती. तिच्या जागी मळमळ येईल हेही त्यांनी सांगितलं होतं आणि दुरैयाने ते नीट ऐकलं होतं. पण ऐकलेली मळमळ वेगळी आणि ही वेगळी. ही सकाळी डोळे उघडायच्या आधी जागी होई. फोडणी, अगरबत्ती, खुजेमाच्या शर्टाचा तेलकट लोखंडी वास, कशानेही ती उसळे. अशा वेळी बेसिनवर वाकून, थंड नळाला कपाळ टेकवून, दुरैया स्वतःशी म्हणे, हे मी का करून घेतलं? चांगलं चालतं-फिरतं दुखणं होतं, ते देऊन हे आणलं.

तिच्या सासूला घरात सगळे माँ म्हणत. माँ मलमलच्या फडक्यातून सूप दोनदा गाळत, आणि गाळताना बोलत.

"लोक आजारी पडतात, मग डॉक्टर पोट कापतो. आमच्या सूनबाईंनी आधी पोट कापून घेतलं आणि मग आजारी पडल्या."

"माँ, पुरे ना," खुजेमा म्हणे.

"तू बोलू नकोस. तुझ्या दाढीत पोंक अडकलाय."

पोंक म्हणजे कोवळी भाजलेली ज्वारी. खुजेमाचा तो जीव की प्राण. पण दुरैयाला वास लागू नये म्हणून तो हल्ली दुकानात, शटर अर्धं ओढून, चोरासारखा खाऊन येई. हिरवे दाणे दाढीतून काढत तो म्हणे, "हे? हे चटणीचं आहे."

"घे," माँ वाटी दुरैयाच्या हातात देत. "गार करून आणलंय. लिंबू हुंग आधी."

या लोकांचं आपल्यासाठी चाललेलं बघून तिला कधी कधी उलटीहून जास्त कढ येई. ती घोट घेई. घोट परत येई. डॉक्टर वशी स्पष्ट बोलले होते. पुढच्या खेपेपर्यंत सूप पोटात टिकायला लागलं नाही तर पुन्हा भरती व्हायचं, नाकातून नळी घालायची. दुरैयाला नळीची भीती नव्हती. भीती होती ती पुन्हा त्या हॉस्पिटलच्या बाकावर बसलेला खुजेमा बघण्याची.

जेवणाच्या वेळी मात्र तिला सुटका नव्हती. खाली सफरा, म्हणजे जेवणाचं फडकं, अंथरायचा, त्यावर गोल कडं, कड्यावर बैलगाडीच्या चाकाएवढा थाळ, आणि भोवती सगळ्यांनी बसायचं. ज्याने त्याने आपल्या समोरची बाजू खायची. आधी चिमूटभर मीठ जिभेवर, मग जेवण. एक शीत वाया जाता कामा नये. दुरैया खात नसली तरी तिने तिच्या जागेवर बसलंच पाहिजे, असा माँचा हट्ट होता. "बाजू रिकामी दिसते," त्या म्हणत. आणखी एक नियम त्यांच्या तोंडी कायम असे. मांडलेला थाळ एकटा सोडायचा नाही. सगळे जमेपर्यंत कोणीतरी त्याच्यापाशी बसायचं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. हल्ली ते बसण्याचं काम दुरैयाकडे आलं होतं, कारण दुसरं कुठलंच काम तिच्याकडे नव्हतं.

शुक्रवार होता. अरवाने थाळ आणून कड्यावर ठेवला. डाळ घातलेल्या भाताचा ढीग, मध्ये मोठ्या वाडग्यात पालीदू, म्हणजे शेवग्याच्या शेंगांची आंबटसर कढी. वरून तूप.

"भाभी, बसा हं," अरवा म्हणाली. "माँची नमाज होतेय. मी पापड भाजून आणते."

दुरैया बसली. वाफ सरळ वर येत होती. तिने तोंड फिरवलं, ओढणी नाकाला लावली, लिंबू शोधलं. लिंबू खुर्चीवर राहिलं होतं. तुपाचा वास ओढणीतून आत आला. ती उठली, कशीबशी बेसिनपर्यंत पोचली, आणि बराच वेळ फेस थुंकत राहिली.

परत आली तेव्हा तिच्या बाजूच्या भातात खळगा होता.

ती उभ्या उभ्या बघत राहिली. खळगा लहान होता आणि स्वच्छ होता. तीन बोटं आणि अंगठा एकत्र करून घास उचलला की होतो तसा. आजूबाजूला एक दाणा सांडलेला नव्हता. ती बघत असतानाच कडेवरचं एक शीत सुटलं आणि घरंगळत खळग्याच्या तळाशी जाऊन थांबलं.

खिडकी बंद होती. दाराला कडी होती. स्वयंपाकघरात अरवा चिमट्यात पापड धरून पाठमोरी उभी होती. आतल्या खोलीत माँ नमाजाच्या सजद्यात होत्या. न्हाणीत खुजेमा हातपाय धूत होता. मांजर असतं तर ढीग विस्कटला असता. दुरैयाने हे सगळं क्रमाने तपासलं आणि मग तिच्या लक्षात आलं की मळमळ गेली आहे.

कमी झाली असं नाही. गेली होती. बरगड्यांखाली ऊब होती. चांगलं जेवून उठल्यावर जो सैल, तृप्त जडपणा येतो तो होता. तिला ढेकर आला. तोंडात शेवग्याच्या शेंगेची चव आली.

"अरे वा!" मागून खुजेमाचा आवाज आला. तो टोपी सारखी करत न्हाणीतून येत होता. "हा कोणी हात मारला? दुरैया?"

तिने त्याच्याकडे बघितलं. तोंडभर हसत होता. कित्येक दिवसांत तो असा हसला नव्हता.

"मीच," ती म्हणाली. "थोडासा."

"माँ! ए माँ! हिने भात खाल्ला!"

माँ जपमाळ हातात घेऊनच बाहेर आल्या. खळगा बघितला, सुनेकडे बघितलं. "डॉक्टरने भात सांगितला नाहीये अजून," त्या पुटपुटल्या. पण डोळे पुसून म्हणाल्या, "शुक्र अल्लाहचा."

त्या दुपारी दुरैयाने वाटीभर सूप घेतलं. ते राहिलं.

दुसऱ्या दिवशी थाळ मांडला गेल्यावर ती आपण होऊन उठली. पाणी प्यायचं निमित्त काढून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि थाळाकडे पाठ करून उभी राहिली. लॅबमध्ये एखादी तपासणी पुन्हा करून बघावी, तसं तिने ते केलं. वळली तेव्हा खळगा कालच्यापेक्षा मोठा होता, आणि पोटात ऊब होती.

चारआठ दिवसांत तिला उठायचीही गरज राहिली नाही. सगळे बसलेले असत, बोलणं चाललेलं असे. अरवाचा नवरा जुझर कुवेतला होता, त्याच्या फोनवरच्या गोष्टी होत. थाळाभोवती बसलेला माणूस आपल्या बाजूकडे बघतो, दुसऱ्याच्या नाही. दुरैया दोन्ही हात ओढणीखाली मांडीवर ठेवून बसे आणि तिच्या समोरचा ढीग खाली खाली जाई. ती टक लावून बघे तेव्हा काही होत नसे. पापणी लवली, कोणी हाक मारली, की दोन घास कमी झालेले असत.

"डॉक्टरकडे जाऊन सांगतो," खुजेमा म्हणे. "म्हणतो, साहेब, कापलंत ते नक्की हिचंच ना? शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं तर नाही ना कापलंत?"

"तू तिच्या घासाला नजर लावू नकोस," माँ म्हणत. पण त्यांच्या आवाजातला जुना टोचा गेला होता. अरवा गात गात भांडी घासू लागली होती. खिडकी उघडी राहू लागली. नानकटाईचा वास येई आणि नुसता वास म्हणून निघून जाई. खुजेमा पोंक घरी आणू लागला. घरावरून काहीतरी उचललं गेलं होतं, आणि दुरैया मनातल्या मनात रोज आभार मानत होती. अल्लाहचे मानत होतीच. त्याखेरीज आणखी एका कोणाचे तरी, ज्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. तो कोण आहे हा प्रश्न ती स्वतःला विचारत नव्हती. दिसलं नाही ते सांगायचं नाही.

फक्त सूप घेणं तिने हळूहळू सोडलं. भरल्या पोटी सूप जाणार कुठे?

ती कामावर जाऊ लागली. कपडे सैल झाले, मग फारच सैल झाले. लॅबमधल्या मुली कौतुक करत. केस विंचरताना फणीत गुंतवळ येई. तिने ते मनावर घेतलं नाही. ऑपरेशननंतर केस जातात हे तिला माहीत होतं.

अरवाने एकदा तिला स्वयंपाकघरात गाठलं. "भाभी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"माँना नाही सांगायचं."

"अगं, बोल."

अरवा ओट्यावरचा डाग पुसत राहिली. डाग नव्हताच. "ऑपरेशनच्या आधी मी तुमच्या शेजारी बसायचे, तेव्हा दाटी व्हायची. वाईट वाटून घेऊ नका हं. माझा गुडघा तुमच्या गुडघ्याखाली दबायचा. मी मग जरा तिरकी बसायचे."

"बरं मग?"

"आता तुम्ही एवढ्या बारीक झालात. आता मला ऐसपैस बसता यायला पाहिजे ना?" तिने फडकं खाली ठेवलं. "मी अजून तिरकीच बसते, भाभी. अजून माझा गुडघा दबतो."

दुरैयाने तिच्या गुडघ्याकडे बघितलं.

"आणि तुम्ही तर पलीकडे सरकून बसलेल्या असता," अरवा म्हणाली.

त्यानंतर चारच दिवसांनी लॅबमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या दंडाला पट्टा बांधताना दुरैयाच्या बोटांतला जोर गेला. पट्टा सुटला. तिला आठवतं ते एवढंच की ते गृहस्थच तिला धरत होते आणि ओरडत होते, "बेन पडल्या, बेन पडल्या!"

डॉक्टर वशींनी तिच्या पापण्या ओढून बघितल्या, नखं बघितली, पायावर अंगठा दाबून बघितला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला.

"काय खाता तुम्ही?"

"साहेब, सगळं," खुजेमा पुढे झाला. "चांगलं खाते. तिची बाजू आम्ही रोज साफ झालेली बघतो."

"किती?"

खुजेमाने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. डॉक्टरांनी त्या ओंजळीकडे बघितलं आणि मग दुरैयाकडे.

"एवढं त्या पोटात मावणार नाही. मावलं असतं तर या अशा दिसल्या नसत्या. शरीर स्वतःलाच खातंय हे." ते खुर्चीत मागे टेकले. "तुम्ही म्हणता रोज जातं. जातं ते कुठे जातं?"

ते सोमवारी भरती करायचं म्हणाले. तोपर्यंत दोन दिवस होते. त्यात काही गेलं आणि टिकलं तर बघू.

रिक्षात खुजेमा सारखं बोलत होता. डॉक्टर बदलू, मुंबईला दाखवू, जुझरला सांगून तिकडून औषध मागवू. दुरैया ऐकत होती. घरी आल्यावर, दार लावून, ती माँच्या समोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मी खाल्लेलं नाही. ऑपरेशन झाल्यापासून भाताचं एक शीत माझ्या तोंडात गेलेलं नाही."

खुजेमा हसला. मग थांबला. "मग रोज कोण खातं?"

अरवा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"थाळ एकटा सोडला होतास?" माँनी विचारलं.

"हो. पहिल्या शुक्रवारी. उलटी आली म्हणून उठले. मग नंतर... मुद्दाम."

तिला वाटलं होतं माँ ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी हात लांब करून सुनेच्या डोक्यावरून फिरवला. हातात केस आले. ते त्यांनी गुंडाळून मुठीत ठेवले.

"उलटी काय सांगून येते? चूक माझी आहे. बसवत नाही त्या माणसाला मी बसवलं."

"माँ, तू पण?" खुजेमाचा आवाज चढला. "मांजर असेल. गच्चीवरून येत असेल."

"मांजर आधी मीठ घेत नाही," माँ म्हणाल्या.

खाली कोणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं. ती सुरू होत नव्हती.

"मी बघत होते रोज," माँ म्हणाल्या. "मिठाची वाटी हिच्यापुढे गेली की चिमूटभर कमी होते. हिचा हात ओढणीत. मला वाटलं म्हातारीचे डोळे आहेत. आणि घर हसत होतं. म्हटलं, कशाला बोला?"

"मग हाकला त्याला! मशिदीतून आमिलसाहेबांना बोलावतो, दुआ पढवतो..."

"जेवायला बसलेल्याला आपल्यात उठवतात का रे? तुझ्या बापाने कधी उठवलं होतं कोणाला?" माँनी सुनेची हनुवटी धरून तोंड वर केलं. "आणि त्याने वाईट काय केलं? हिची मळमळ नेली. पण बेटा, तुझं पोट तो भरू शकत नाही. ते तुला भरायला पाहिजे. तुझी बाजू तू मागून घे."

दुरैयाने हनुवटी सोडवून घेतली. "माँ, मागितली तर ती मळमळ परत येईल. तो फेस. मला नाही जमणार पुन्हा ते. आत्ता मला काही होत नाही. खरंच काही होत नाही."

"काही होत नाही?" खुजेमा म्हणाला. तो भिंतीला टेकून खाली बसला होता. टोपी हातात घेतली होती. "बायको, तुझा श्वास थांबायचा तेव्हा पण तुला काही होत नसायचं. तुला कळायचंच नाही. माझ्याच छातीत धडधडायचं." त्याने टोपीची कड बोटांनी चाचपली. "तू ओक. मी बेसिन धूत बसेन जन्मभर. पण मला तू पाहिजेस, बस."

दुसऱ्या दिवशी दुपारी माँनी खिचडी स्वतः शिजवली. मुगाची, मऊ, घोटून घोटून पेजेसारखी केलेली. थाळ अरवाने मांडला. खिडकी उघडी होती, ऊन सफऱ्यावर येत होतं.

"अरवा, तू जरा माझ्याकडे सरक," माँ म्हणाल्या. "दुरैया, तू खुजेमाकडे."

दोघी सरकल्या. मध्ये एका माणसाची जागा झाली. जरा मोठ्या माणसाची. अरवाचा गुडघा मोकळा झाला आणि तिने तो सावकाश सरळ केला. त्या रिकाम्या जागेपुढे माँनी स्वतःच्या हाताने खिचडी वाढली, तूप घातलं. मग दुरैयापुढे चमचाभर, बिनतुपाची.

बिस्मिल्ला म्हणून मिठाची वाटी फिरली. माँ, अरवा. मग मध्ये ती जराशी थांबली. मग दुरैया. मीठ जिभेला झोंबलं. कित्येक दिवसांत तिने काही चाखलं नव्हतं.

"घे," खुजेमा हळूच म्हणाला.

तिने हात ओढणीतून बाहेर काढला. हात काटकुळा झाला होता. तो तिने आपल्या बाजूच्या चमचाभर खिचडीकडे नेला. अंगठा आणि दोन बोटं टेकवली.

तिथे आधीच एक हात होता.

तिला काही दिसत नव्हतं. थाळ, खिचडी, ऊन. पण बोटांखाली बोटं होती. ऊबदार, तुपाने ओशट. तिने हात मागे घेतला नाही. तोही हलला नाही.

गुबगुबीत हात होता. बोटांच्या मुळाशी, मांसात रुतलेल्या खळ्या होत्या.

तशा खळ्या तिच्या स्वतःच्या हाताला होत्या, ऑपरेशनच्या आधीपर्यंत. लहानपणी तिची आई त्यांत बोट घालून हसत असे.

"दुरैया?" खुजेमा म्हणाला.

तिने मान हलवली. थांबा.

"मेहेरबानी," ती त्या हाताला म्हणाली. "तू होतास म्हणून मी ते दिवस काढले. विसरणार नाही. पण एवढं माझं आहे. एवढं मला खाऊ दे."

काही झालं नाही.

मग बोटांखालची बोटं मिटली. सावकाश. तिला वाटलं, उचलणार. नेणार.

खिचडीचा एक छोटासा घास गोळा झाला. सुपारीएवढा. आणि तो थाळावरून सरकत, कोणीही न सरकवता, तिच्याकडे आला.

बोटांखाली आता नुसता थाळाचा गार पत्रा होता.

तिने तो घास उचलला आणि तोंडात घातला. खूप वेळ चावला, चावण्यासारखं त्यात काही नव्हतं तरी. गिळला.

मळमळ आली. छातीच्या हाडामागून, जुन्या ओळखीच्या वाटेने, पूर्वीपेक्षा जास्त जोराने. डोळ्यांपुढे काळं झालं, कानात घुमलं, तोंडात लाळ भरली. माँनी लिंबू तिच्या नाकाशी धरलं. खुजेमाचा तळवा तिच्या पाठीवर होता. तो मोठ्याने श्वास घेत होता, सोडत होता, ती झोपेत असताना घ्यायला लावायचा तसाच, आणि ती त्याच्या मागोमाग घेत होती. घे. सोड. घे.

गेली नाही. पण हळूहळू बसली, आवाज करत, कुरकुरत. घास राहिला.

"मीठ कमी आहे, माँ," दुरैया म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

"ऐका! एवढे उपास काढून आली आणि माझ्या खिचडीला नावं ठेवते," माँ म्हणाल्या. त्याही रडत होत्या.

मग सगळे जेवले. खुजेमाने दोनदा मागून घेतलं. जुझरच्या फोनचा विषय निघाला, बेकरीवाल्याच्या मुलीच्या साखरपुड्याचा निघाला. दुरैयाने आणखी एक घास खाल्ला, तोही भीत भीत, आणि मळमळ आणि ती अशा दोघी शेजारी शेजारी बसून राहिल्या. तिला त्या मळमळीचाही राग येईना. ती तिची स्वतःची होती. मधल्या जागेकडे कोणी बघत नव्हतं. पाहुण्याच्या घासाकडे बघू नये, एवढी रीत त्या घरात होती. तिथली खिचडी संपली तेव्हा माँनी न विचारता पुन्हा वाढली.

थाळ निपटला. अरवा चिलमची आणि लोटा घेऊन आली. जेवण झालं की घरातल्या धाकट्या सुनेने सगळ्यांच्या हातावर पाणी घालायचं, खाली पसरट चिलमची धरून. तिने माँच्या हातावर पाणी घातलं, मग खुजेमाच्या, मग दुरैयाने पुढे केलेल्या दोन बोटांवर. उठता उठता ती थबकली आणि तिने माँकडे बघितलं.

"घाल ना," माँ म्हणाल्या. "तसंच उठायचं का कोणी?"

अरवाने चिलमची त्या मोकळ्या जागेपुढे धरली आणि लोटा कलता केला. पाण्याची धार सरळ खाली आली, अर्ध्यावर अडली, पसरली, आणि पाच बारीक धारांनी चिलमचीत पडू लागली. अरवाने लोटा सरळ केला नाही. पाण्यावर येणारा तुपाचा तवंग संपेपर्यंत ती घालत राहिली.